आठाचा आकडा

उम्म अल कुवैनच्या खाडीत, मार्चातल्या दुसऱ्या शुक्रवारी,
कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून
मी हवेत दोरी फेकतो आहे. मागे, पुढे, पुन्हा मागे.
काठावरून बघणाऱ्याला वाटावं,
हा माणूस वाऱ्याला वेसण घालतोय.

काठी ग्लेनची.
नोकरी संपली तेव्हा त्याने फ्रिज विकला,
गादी वॉचमनला दिली
आणि ही चार तुकड्यांची काठी
माझ्या खोलीच्या दाराशी टेकवून विमानतळावर गेला.
टाक्यांचे जोड तपासताना, दुपारच्या सावलीत, तो सांगायचा:
त्याच्याकडे तळी आहेत, कुणी मोजली नाहीत इतकी.
वसंतात बर्फ तडकतो,
आणि उथळ काळ्या पाण्यात मस्की ऊन खायला येते,
ओंडक्यासारखी लांब, मुळीच घाई नसलेली.
तिच्यासाठी त्याचा बाप सात वसंत थांबला होता.
"आणि मग?"
"मग आठवा वसंत," ग्लेन म्हणाला, आणि जेवणाचा डबा उघडला.

मासा, माशी.
मराठीत नवराबायको वाटावीत अशी ही दोन नावं;
एकीने दुसऱ्याला फसवायचं, एवढाच हा खेळ.
माझी माशी ईदच्या बोकडाच्या केसांची,
वर जलाल शिंप्याच्या दुकानातली उरलेली जर.
जलाल विचारतो, कुणाच्या लग्नाचं?

इथे मस्की नाही. इथे टोळ आहे.
चोचभर दात, हाडं हिरवी,
पाण्याला पडलेली चीर असावी तसा.
शमाल पडला, बोयटांची पिल्लं तिवरांत शिरली
की तो त्यांच्या मागोमाग येतो.
होडीवाला खल्फान आपला गरगूर बुडवतो,
तारेचा घुमट, आत भाकरीचे तुकडे,
आणि घरी जाऊन झोपतो.
माझ्याकडे बघून तो हसत नाही,
हे त्याचं मोठेपण.

ग्लेनने एकच मंत्र दिला होता:
मासा पाठलाग करत पायाशी आला
तर दोरी उचलू नकोस.
काठीचं टोक पाण्यात बुडव आणि आठ काढ.
मी पहिल्या वर्षी आठ काढला, शाळेत गिरवलेला,
८, एका बाजूने उघडा.
टोळ त्या उघड्या बाजूने निघून गेला.
खल्फानने वाळूवर त्याचा आठ काढून दाखवला: ٨.
उलटा तंबू. त्यातून तर उंटही निघून जाईल.
तेव्हा कळलं, इंग्रजी आठ हवा होता,
ज्याला दार नाही.

आज तो आला.
आधी पाण्यावर नुसती रेघ, मग रेघेमागे डोळा.
मी टोक बुडवलं. एक वळण. तोही वळला.
दुसरं वळण. त्याची कूस चमकली,
गुडघ्याशी पाणी गार झाल्यासारखं वाटलं,
तिसऱ्या वळणाला
माझा हात, माझा तो हाडात मुरलेला हात,
सवयीने मराठीत वळला.

जरीचा एक धागा दातांत घेऊन तो गेला.

मी बराच वेळ तिथेच उभा.
वाळू पायांखालून थोडी थोडी सरकत होती.

संध्याकाळी आबांचा फोन.
आबांनी जन्मभर रापण ओढली,
साठ माणसं, एक जाळं, किनाऱ्यावर रांगेने वाटे.
एकट्याने, एका केसाळ माशीने,
आणि धरला तर परत सोडायचा,
हे त्यांना तीन वर्षं समजावतो आहे.
"सोडतंस? मगे धरतंस कित्याक?"

आज तेही विचारलं नाही.
"किती गावले रे?"

"आठ," मी म्हणालो.

पलीकडे क्षणभर नुसता समुद्र, त्यांचा की माझा, कळेना.
मग खोकला, आणि:
"वाटे सारके घातलंस मां?"